घरातले पत्ते घराने ठरवावेत

श्रोतेहो, पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की राउटरचं काम वायर टाकायला येणाऱ्या माणसाचं, त्यावर व्याख्यान कशाला? माझं म्हणणं असं की घरच्या राउटरमधलं निदान एक पान प्रत्येक घरात एका तरी माणसाला वाचता यायला हवं. त्या पानावर 'लॅन सेटिंग्ज' किंवा 'लोकल नेटवर्क' असं लिहिलेलं असतं. बाहेरचं इंटरनेट कंपनीच्या हातात, त्याचा वेग तिच्या हातात, बिलही तिच्याच हातात. पण घराच्या आत कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे आपला आहे. त्याला फी नाही, अर्ज नाही, कुणाची परवानगी नाही. इतका निर्विवाद अधिकार आपण वापरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

नेहमी घडणारा एक प्रकार घेऊ. दुमजली घर आहे. कंपनीने खाली हॉलमध्ये फायबरची पेटी बसवली आहे, तिच्यातच वायफाय आहे. वरच्या खोलीत रेंज पोचत नाही, म्हणून मुलगा दुसरा राउटर विकत आणतो, खालच्या पेटीतून एक वायर वर नेतो आणि नव्या राउटरच्या मागे मोकळ्या दिसलेल्या लॅन पोर्टमध्ये खोचतो. दुपारभर सगळं ठीक चालतं. रात्री आईच्या फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते, पण नेट चालत नाही. शेजारीच बसलेल्या वडिलांचा फोन मात्र व्यवस्थित चालतो. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की कधी सुरू होतं, कधी नाही. शेवटी कंपनीचा माणूस येतो, वरचा राउटर काढून ठेवतो आणि 'आता बघा' म्हणून जातो. नेट सुरू होतं. वरची खोली होती तशीच राहते, आणि नवा राउटर कपाटात जातो.

बिघाड यंत्रात नव्हता. फोन वायफायला जोडला गेला की त्याला स्वतःचा पत्ता नसतो. तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारा करतो की मला इथे पत्ता कोण देईल? ज्या यंत्रात डीएचसीपी सर्व्हर चालू असेल ते उत्तर देतं की हा घे. फोन म्हणतो, हाच मला चालेल. सर्व्हर म्हणतो, नोंद केली. या चार निरोपांत फोनला तीन-चार गोष्टी कळतात: स्वतःचा पत्ता, बाहेर जाण्याचं दार कोणतं, नावांची विचारपूस कुठे करायची, आणि हा पत्ता किती वेळ आपला. आता एकाच वायरीवर असे दोन सर्व्हर आले. पुकारा दोघांनाही ऐकू गेला, दोघांनीही उत्तर दिलं, आणि फोनने बहुधा आधी आलेलं उत्तर घेतलं. वडिलांच्या फोनला खालच्या पेटीचं उत्तर मिळालं, तो चालला. आईच्या फोनला वरच्या राउटरने सांगितलं की बाहेरचं दार मीच. पण त्याच्या मागे बाहेरची वायर जोडलेलीच नाही. त्यातून दोन्ही यंत्रं कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन आली असतील तर गोंधळ आणखी वाढतो, कारण त्या पत्त्यावर हाक मारली की कधी एक ओ देतं, कधी दुसरं.

उपाय लहान आहे, पण क्रम पाळावा लागतो. नवा राउटर खालच्या पेटीला जोडण्याआधी एकट्याने चालू करा. लॅपटॉप वायरने त्याला लावा, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका आणि लॅनच्या पानावर जा. तिथे त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे खालच्या पेटीच्याच मालिकेतला, पण तिच्याहून वेगळा. मास्क २५५.२५५.२५५.० असतो तो तसाच असू द्या. सेव्ह केल्यावर पान गायब झाल्यासारखं वाटेल. घाबरू नका, राउटर नव्या पत्त्यावर राहायला गेला आहे. नव्या पत्त्याने आत जा आणि मग डीएचसीपी बंद करा. उलट क्रमाने केलं, आधी डीएचसीपी बंद केला, तर लॅपटॉपला पत्ता देणारं कुणी उरत नाही. मग तो १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो, आणि राउटरचं पान काही उघडत नाही. हा आकडा लक्षात ठेवा. कुठल्याही यंत्रावर १६९.२५४ दिसला की समजावं, पुकाऱ्याला कुणी उत्तर दिलेलं नाही. हे सगळं झालं की वायर दोन्हीकडे लॅन पोर्टमध्ये लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवले की फोन जिन्यावरून जाता-येता आपोआप एका राउटरवरून दुसऱ्यावर जात राहतात. २.४ गिगाहर्ट्झवर मात्र एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या. हल्लीच्या बऱ्याच राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो. तो निवडला की यातलं बरंचसं काम एका झटक्यात होतं. पण आत काय झालं हे ठाऊक असलेलं बरं.

काही जण विचारतात, वायर वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठी असलेल्या पोर्टमध्ये, लावली तर? नेट चालेल. पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतील. वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर आपणहून सापडणार नाही, आणि खालच्या फोनवरचा व्हिडिओ वरच्या टीव्हीवर पाठवता येणार नाही.

आता हे १९२.१६८ कुठून आलं, ते सांगतो. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा. त्यातून ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास पत्ते होतात, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं होतं. मार्च १९९४ मध्ये एक प्रस्ताव आला की काही पत्ते कुणाच्याच मालकीचे ठेवू नयेत; ज्याला हवे त्याने आपल्या भिंतींच्या आत वापरावेत, फक्त बाहेर त्यांना किंमत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये इलियट लिअर आणि आणखी तिघांनी त्याला उघड विरोध केला. जगात प्रत्येक पत्ता एकमेव असतो हा इंटरनेटचा पायाच यामुळे ढासळेल, आणि उद्या दोन जाळी जोडायची वेळ आली की एकच पत्ता दोन्हीकडे निघेल, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद चालला, मसुदा सुधारला गेला, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याच्या पाच लेखकांत याकॉव्ह रेख्टर आणि डॅनियल कॅरेनबर्ग होते, क्रायस्लर या मोटार कंपनीतले रॉबर्ट मॉस्कोविट्झ होते, आणि विरोध करणारे इलियट लिअरही होते. मतभेद असलेल्या माणसाला बाजूला न सारता त्याच्यासह दस्तऐवज पूर्ण करायचा, ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

त्या दस्तऐवजाने तीन पट्टे मोकळे ठेवले. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, म्हणजे १ कोटी ६७ लाखांहून जास्त, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ चे ६५,५३६. प्रत्येक हाउसिंग सोसायटीत १०१ नंबरचा फ्लॅट असतो आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही, तसंच हे. बाहेरून येणाऱ्याला सोसायटीचाच पत्ता कळतो. कोणतं पार्सल कोणत्या फ्लॅटमध्ये द्यायचं, हे गेटवरचा वॉचमन आपली वही पाहून ठरवतो. राउटरमध्ये ही वही ठेवण्याच्या पद्धतीला नॅट म्हणतात. तिचा दस्तऐवज मे १९९४ चा, केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांचा.

आरएफसी १९१८ मध्ये एक सल्ला आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे ते हेच. या मोकळ्या पत्त्यांतून आपला भाग निवडताना तो यादृच्छिक निवडा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पुढे दोन जाळी जोडायची वेळ आली तर टक्कर होऊ नये म्हणून. राउटर बनवणाऱ्यांनी मात्र १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हेच पुन्हा पुन्हा छापले, आणि आपण ते तसेच ठेवले. १९९४ च्या विरोधकांनी सांगितलेला धोका मार्च २०२० नंतर आपल्या घराघरांत आला. घरून काम सुरू झालं, ऑफिसच्या जाळ्यात शिरायला व्हीपीएन आलं. समजा ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर आहे आणि घरची मालिकाही १९२.१६८.१ आहे. व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण फाइल उघडत नाही, कारण लॅपटॉप तो पत्ता घरातच शोधतो. कदाचित तिथे त्याला आपला टीव्ही सापडतो! ऑफिसची मालिका बदलणं आपल्या हातात नाही. घरची आहे. लॅनच्या पानावर राउटरचा पत्ता १९२.१६८.७३.१ करा, किंवा १०.४७.१२.१ करा. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले. तुम्ही तुमचे घ्या. फक्त १७२ च्या पट्ट्यात जायचं असेल तर १६ ते ३१ च्या बाहेर पडू नका, कारण पुढचे पत्ते जगात दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचे आहेत.

मालिका ठरली की तिच्यात वापरायला २५४ पत्ते मिळतात. त्यांची वाटणी करा. डीएचसीपीला १०० पासून २०० पर्यंतचे द्या. येणारे-जाणारे फोन, पाहुणे, मुलांचे टॅब यांच्यासाठी ते पुरतात. २ ते ९९ राखून ठेवा. प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वरचा राउटर यांना तिथे कायमचे पत्ते हवेत. प्रिंटर मध्येच 'ऑफलाइन' दिसू लागतो, त्याचं कारण अनेकदा इतकंच असतं की वीज गेली, परत आल्यावर त्याला दुसरा पत्ता मिळाला, आणि कॉम्प्युटर अजून जुन्या पत्त्यावर कागद पाठवतो आहे. आपल्याकडे वीज जाते हे गृहीत धरून जाळं आखलं पाहिजे. त्यासाठी 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'चा तक्ता असतो. त्यात यंत्राचा बारा अक्षरांचा मॅक ॲड्रेस आणि त्याच्यासाठी राखलेला पत्ता लिहायचा. फोनच्या बाबतीत एक अडचण आहे. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस दाखवत नाही, बनवलेला दाखवतो. बाहेर त्याने खासगीपण जपलं जातं आणि ते चांगलंच आहे. एखाद्या फोनला कायमचा पत्ता द्यायचा असेल तर फक्त घरच्या वायफायपुरती ती सोय बंद करा.

पत्ता किती वेळासाठी द्यायचा, हाही निर्णय आपलाच. घरात २४ तास ठीक. कोकणात किंवा गोव्यात तुमचा होमस्टे असेल, रोज नवी माणसं येत असतील, तर दोन तास ठेवा. नाहीतर गेलेल्या पाहुण्यांच्या फोनांनी पत्ते अडवून ठेवलेले असतात आणि आलेल्यांना मिळत नाहीत. त्यांना गेस्ट नेटवर्कच द्या. तुमच्या अंगणातल्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर त्यांच्या फोनला दिसण्याचं काहीच कारण नाही.

आता त्याच पानावरच्या एका चौकटीबद्दल, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. डीएनएस. संकेतस्थळाचं नाव दिल्यावर त्याचा पत्ता कुणाला विचारायचा, ते इथे लिहिलेलं असतं. डीएनएसचेंजर नावाचा एक घातक प्रोग्राम होता. तो कॉम्प्युटरवरची ही नोंद बदलायचाच, शिवाय घरच्या राउटरवर कारखान्याचे नेहमीचे युजरनेम-पासवर्ड वापरून बघायचा. आत शिरता आलं की तिथलीही नोंद बदलायचा. मग घरातलं प्रत्येक यंत्र, त्यात काहीही शिरलेलं नसलं तरी, चोरांना पत्ते विचारू लागायचं. १०० हून अधिक देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्यात सापडले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने कारवाई केली आणि एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट ठप्प झालं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर ठेवावे लागले. ते ९ जुलै २०१२ ला बंद झाले. म्हणून राउटरच्या पानाचा पासवर्ड आजच बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. आणि डीएनएसच्या चौकटीत काय लिहिलं आहे ते एकदा वाचून ठेवा: ती रिकामी असेल, राउटरचाच पत्ता असेल, कंपनीचा असेल, किंवा तुम्ही स्वतः घातलेला ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असेल. यापलीकडचं काही दिसलं तर चौकशी करा.

कॅमेरा बाहेरगावाहून दिसत नाही, अशी तक्रार असते. त्यासाठी स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर कंपनीने स्वतःही एक नॅट लावलं आहे. मग तुमच्याकडे पोर्ट उघडून उपयोग नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा किंवा कॅमेऱ्याच्या ॲपमधून बघा.

शेवटी रिसेटच्या बारीक छिद्राबद्दल. पिन दहा सेकंद दाबून धरली की राउटर कारखान्यातल्या स्थितीत जातो, आणि आपण केलेली सगळी वाटणी पुसली जाते. तुमचा राउटर पीपीपीओईने कंपनीला जोडला जात असेल तर ते युजरनेम आणि पासवर्डही जातात. कंपनीच्या फायबरच्या पेटीला तर विचारल्याशिवाय पिन लावूच नका. आपला राउटर रिसेट करण्याआधी 'बॅकअप' म्हणून जो पर्याय असतो, तिथून सेटिंगची फाइल उतरवून घ्या आणि लॅपटॉपवर ठेवा. व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, कारण तिच्यात तुमचे पासवर्डही असतात. आता तुमचे प्रश्न घेऊ; ज्यांनी आपल्या राउटरच्या लॅन पानाचा फोटो आणला आहे, त्यांनी पुढे यावं.