गरोदरपण, इन्सुलिन आणि कोरियन स्त्रिया

गरोदरपणात वारेतून काही संप्रेरकं सुटतात. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि बाळासाठी साखर रक्तात शिल्लक राहते. ही तूट भरून काढायला स्वादुपिंडाला जादा इन्सुलिन तयार करावं लागतं. कोरियन स्त्रियांमध्ये ही जादा क्षमता अनेकदा तोकडी पडते. त्यामुळे सडपातळ बाईलाही गरोदरपणात मधुमेह होऊ शकतो. सगळा दोष वजनावर टाकून चालत नाही. सीडीकेएएल-१ या जनुकाच्या काही प्रकारांशी गरोदरपणातल्या मधुमेहाचा संबंध कोरियन संशोधकांना आढळला आहे. या मधुमेहाची तपासणी साधारण २४ ते २८ आठवड्यांदरम्यान होते. कोरियात बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप न चुकता मिळतं, पण साखरेची फेरतपासणी कुठल्याही देशात सहज राहून जाते. ती बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत जरूर करून घ्या.