गावाकडचे घर आणि स्नानाचे ऊन पाणी
(भाषणाची संहिता)



बुलढाणा जिल्ह्यातील अनेक कुटुंबांची आज दोन घरे आहेत. नोकरी वा मुलांचे शिक्षण यांसाठी एक बिऱ्हाड बुलढाणा, खामगाव किंवा पुण्यासारख्या शहरी असते, आणि वडिलार्जित घर गावी असते. हे दुसरे घर वर्षातून थोडेच दिवस उघडते. दिवाळी, घरचे कार्य, १२ जानेवारीचा सिंदखेड राजा येथील जिजाऊ जन्मोत्सव, शेगावचा प्रकटदिन असे ते दिवस. यांतील बरेचसे थंडीत येतात आणि त्या वेळी घरात वृद्ध माणसे व लहान मुले असतात. साहजिकच स्नानाच्या ऊन पाण्यासाठी कोणते साधन घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. शहरातील घरात आहे तेच उपकरण गावीही बसवावे, असा विचार बहुधा केला जातो. परंतु क्वचित उघडणाऱ्या घराची गरज निराळी असते. तेथील निवड पाणी, वीज, भिंत आणि वापराचे दिवस या चार गोष्टी पाहून करणे अगत्याचे आहे.

प्रथम पाण्याचा विचार करू. घाटाखालच्या पूर्णा खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आदी तालुक्यांतील अनेक गावे खारपाणपट्ट्यात येतात. कठीण पाणी तापले की त्यातील क्षारांचा थर तापकांडीवर बसतो. उष्णता पाण्यात उतरत नाही, कांडी अतितप्त होते आणि अखेर जळते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडमुळे पोलादी टाकीलाही बारीक छिद्रे पडतात. म्हणून अशा गावी काचलेप दिलेल्या टाकीचे उपकरण पसंत करावे. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीचे रक्षण करते. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, हे ध्यानात ठेवून तिची वेळोवेळी तपासणी करावी. नळयोजनेचे गोडे पाणी मिळत असेल, तर उपकरणास तेच जोडावे. तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवल्यास क्षार कमी साचतात.

दुसरी बाब विजेची. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. २ किलोवॅटचा साठवण गिझर हे काम १६ मिनिटांत करतो. त्यात थंड पाणी मिसळले की ४० अंशांचे सुमारे २२ लिटर पाणी, म्हणजे एकाच्या स्नानापुरते पाणी सहज होते. तात्काळ पाणी देणारा ३ किलोवॅटचा लहान गिझर १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर आणण्यास ७ मिनिटे घेतो. मात्र त्याला १३ अँपिअर प्रवाह लागतो. गावी पहाटे दाब २३० वरून १८० व्होल्टवर उतरला, तर त्याची शक्ती सहा-दशांशच उरते आणि तीच बादली भरण्यास ११ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. साठवण गिझरला अशा वेळी १६ ऐवजी २६ मिनिटे लागतील, पण वीज असताना तापवून ठेवलेले पाणी पुढे वीज गेली तरी हाती असते.

तिसरी बाब घराच्या बांधणीची. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाण्याचेच वजन २५ किलो असते. मातीच्या भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर ते टांगणे धोक्याचे होय. धाब्याच्या छपरावर १०० लिटरचे सौर संयंत्र बसविण्यापूर्वीही हाच विचार व्हावा. शिवाय घर बंद असताना सौर संयंत्र उन्हात तापतच राहते. म्हणून ते झाकून ठेवावे लागते. वर्षभर नांदत्या घरात ते उत्तम. वर्षातून पंधरा-वीस दिवस उघडणाऱ्या घरात त्याचा खर्च क्वचितच भरून निघतो.

यावरून दोन-तीन माणसांच्या अशा घरास १० किंवा १५ लिटरचा, आयएसआय चिन्ह असलेला साठवण गिझर बहुधा पुरेसा ठरतो. तारांकनाचा लाभ मुख्यतः उपकरण दीर्घकाळ चालू राहते तेथे होतो. येथे ते गरजेपुरतेच लावायचे असल्याने जादा ताऱ्यांसाठी मोठी किंमत मोजण्याचे कारण नाही. कार्यप्रसंगी पंधरा पाहुणे आले, तर अंगणातील तांब्याचा बंब आजही उपयोगी पडतो. पऱ्हाटी, तुराटी घरचीच असते. मात्र बंब उघड्यावरच पेटवावा.

चौथी आणि सर्वांत गंभीर बाब सुरक्षिततेची. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावू नये. हवा अपुरी पडली की ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला ना रंग, ना वास. स्नान करणारा माणूस नकळत बेशुद्ध पडतो आणि प्राणासही मुकतो. बादलीत टाकायची विजेची कांडी स्वस्त खरी, परंतु ती चालू असताना पाण्यात हात घातल्यास प्राणघातक धक्का बसू शकतो. जुन्या घरांत पुष्कळदा अर्थिंगच नसते. म्हणून गिझर घेण्याआधी परवानाधारक तारतंत्र्याकडून अर्थिंग, १६ अँपिअरचा स्वतंत्र जोड आणि गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. गिझरच्या किमतीत हा खर्च धरलाच पाहिजे.

घर बंद करताना वीज तोडावी आणि टाकी रिकामी करावी. पुन्हा उघडल्यावर पहिले पाणी वाहू द्यावे, टाकी भरली आहे याची खात्री करूनच बटण दाबावे आणि पाणी एकदा ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावे. साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारे लेजिओनेलासारखे जंतू त्यामुळे मरतात.

ग्रामपंचायतींनी गावातील विहिरी, कूपनलिका यांच्या पाणी-तपासणीचे निष्कर्ष फलकावर लावले, आणि शिक्षकांनी कार्बन मोनॉक्साइड व अर्थिंग हे विषय विज्ञानाच्या तासाला घरच्या उदाहरणांनी समजावून दिले, तर साधनाची निवड करणे प्रत्येकास सुलभ होईल. गावी आलेली मुलेबाळे ऊन पाण्याने न्हाऊन सुखरूप परतावीत, एवढ्यासाठी ही दक्षता आहे.