चौथीच्या वर्गाचे बारा तास
(कार्यकर्ता शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचा विषय निघाला की समाजवादी चळवळीतील चर्चा बहुधा टक्केवारीपासून सुरू होते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली, आणि तेव्हापासून हा आकडा पक्षाच्या प्रत्येक ठरावात मुक्कामाला आहे. मागणी रास्त आहे आणि ती सोडण्याचे काहीच कारण नाही. परंतु पैशाची टक्केवारी अंदाजपत्रकात मोजता येते, वर्गात मोजता येत नाही. अंदाजपत्रकातून निघालेला रुपया अनेक टेबलांवरून फिरून ज्या एका वस्तूत अखेर रूपांतरित व्हायचा असतो, ती वस्तू म्हणजे शिक्षकाने मुलाला दिलेला तास. गावच्या शाळेतील मुलाच्या वाट्याला आठवड्याला असे किती तास येतात, हा हिशेब कोणी फारसा मांडलेला नाही. तो मांडण्यासाठी चौथीचा वर्ग सर्वांत सोयीचा आहे.

चौथीच का, याचे कारण सरळ आहे. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी म्हणजे प्राथमिक शिक्षण असे ठरविले. पण महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा आजही चौथीवरच थांबतात. त्या गावापुरती चौथी हीच प्राथमिक शाळेची अखेरची इयत्ता. पाचवीसाठी मुलाने शेजारच्या मोठ्या गावी जायचे असते आणि मुलीने जायचे की नाही हे घरात ठरायचे असते. म्हणून चौथीच्या मार्चमध्ये मुलाजवळ जे वाचन आणि जे गणित असेल, ते पुष्कळदा त्याच्या पुढच्या सगळ्या शिक्षणाचे भांडवल असते.

बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील कोणतीही द्विशिक्षकी शाळा घ्यावी. साठपर्यंत पटाला दोन शिक्षक, हे कायद्याच्या परिशिष्टातील प्रमाण. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. याला खात्याच्या भाषेत जोडवर्ग म्हणतात. पाचवीपर्यंतच्या शाळेने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन केले पाहिजे, असे हाच कायदा सांगतो. म्हणजे दिवसाला चार तास, आणि सहा दिवसांच्या आठवड्याला चोवीस. पण हे चोवीस तास दोन वर्गांत वाटले जातात. शिक्षक तिसरीला वजाबाकी समजावीत असतो तेव्हा चौथी धडा उतरवून काढते. चौथीकडे वळतो तेव्हा तिसरी पाढे लिहीत बसते. चौथीच्या हाती प्रत्यक्षात बारा तास लागतात. मराठी, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास या चार विषयांना प्रत्येकी तीन तास धरले, तरी चित्रकलेला आणि खेळाला कागदावरसुद्धा जागा उरत नाही. हा हिशेब ढोबळ आहे. चांगला शिक्षक दोन्ही वर्गांना एकाच धाग्यात बांधून त्यातून अधिक काही काढतो, आणि असे शिक्षक आहेत. तथापि सर्वसाधारण व्यवस्था अपवादात्मक माणसांच्या भरवशावर उभी करणे, हे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

आता हे बारा तास आठवडाभरात कसे झिजतात ते पाहावे. सोमवारी परिपाठ, हजेरी, मग सुट्टीत काय केले याची विचारपूस. वर्ग रुळावर येईपर्यंत मधली सुट्टी जवळ आलेली असते. रोजच्या पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा असतो. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम. साठ्याची नोंद करायची, जेवलेल्या मुलांची संख्या कळवायची. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशामुळे देशभर शिजवलेले अन्न शाळेत आले ही या प्रजासत्ताकाची मोठी कमाई आहे आणि तिच्याविरुद्ध कुरकुर करणाऱ्यांत समाजवाद्यांनी सामील होऊ नये. मात्र तांदळाचा हिशेब ठेवण्यासाठी वेगळा माणूस न देता तो शिक्षकाच्या तासांतून वजा करणे, ही सरकारची काटकसर चौथीच्या मुलाच्या खिशातून होते. आठवडी बाजाराच्या दिवशी हजेरी निम्म्यावर येते, कारण मोठी मुले बाजाराला जातात किंवा धाकट्यांना सांभाळण्यासाठी घरी थांबतात. बुधवार-गुरुवारकडे तालुक्याहून कसली तरी माहिती तातडीने मागविली जाते. जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असे कायद्याचे २७ वे कलम बजावते; पण निवडणूक हा शब्द इतका लवचिक आहे की मतदारयादीचे काम वर्षभर पुरते. शनिवारी शाळा सकाळची. त्या दिवशी दप्तराचे ओझे नको, खेळ आणि छंद असावेत, असा ‘आनंददायी शनिवार’ सरकारने २०२४ साली जाहीर केला. कल्पना उत्तम आहे. मात्र पाच दिवसांत ज्याला भागाकार मिळाला नाही, त्याला सहाव्या दिवशीच्या आनंदाने तो मिळणार नाही, एवढे ध्यानात असावे.

याच आठवड्यात जे शिकणे घडते तेही पाहिले पाहिजे. नाही तर ही नुसती तक्रार होईल. चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग शिवछत्रपतींच्या चरित्राचा असतो, आणि डोंगरपट्ट्यातील मुलांना गड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्या मुलाला पान वाचताना तीनदा अडखळायला होते, ते अफजलखानाचा प्रसंग मात्र सबंध तोंडी सांगते. तांड्यावरच्या मुलाची घरची भाषा गोरमाटी. पहिलीत त्याला मराठी परकी होती, चौथीपर्यंत ते दोन्ही भाषांतून विनोद करू लागते. हे यश कोणत्याही तपासणीच्या नमुन्यात नोंदविण्याची सोय नाही. अपूर्णांकाचे तर नवलच आहे. अर्धा म्हणजे काय, हे ऊसतोड कामगाराच्या मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते, कारण नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे त्याने घरी ऐकलेले असते. शिक्षकाने हा धागा पकडला तर अंश आणि छेद एका दुपारी समजतात. पुस्तकातल्या रंगवलेल्या वर्तुळावरून तेच समजायला आठवडा लागतो.

हा कोयताच दिवाळीच्या सुमारास वर्ग रिकामा करतो. पावसाळ्यात मुकादमाने दिलेली उचल घराच्या डागडुजीत, आजारपणात, लग्नात संपलेली असते. ती फेडण्यासाठी जोडी कारखान्यावर जाते. पश्चिम महाराष्ट्रातील कारखाने, नाही तर सीमेपलीकडचे कर्नाटकातील. मागे आजी-आजोबा असतील आणि ते धडधाकट असतील तर मूल गावी राहते, नसतील तर टोळीबरोबर जाते. फडाच्या कडेला कोपीत राहायचे, धाकट्या भावंडाला सांभाळायचे, वाढे गोळा करायचे, मोळ्या बांधायला हात द्यायचा. चौथीतली मुलगी या सर्व कामांसाठी अगदी योग्य वयाची असते; तिला न्यावे की ठेवावे याचा निर्णय अनेकदा यावरच होतो. आई-बापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे शहरातले आवडते निदान. त्यांना ते पुरते कळते. परंतु पाठीमागे ठेवलेल्या मुलीला रात्री जेवू कोण घालणार, या प्रश्नाला महत्त्व कळून उत्तर मिळत नाही.

जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत शाळेचे दिवस भरतात नव्वदच्या आसपास. चार तासांप्रमाणे ३६० तास, जोडवर्गामुळे त्यांचे अर्धे, म्हणजे १८०. कायदा वर्षाला ८०० तासांचे वचन देतो. स्थलांतरित मुलाला १८० मिळतात, आणि त्यांतून बाजाराचे दिवस व तातडीच्या माहितीचे दिवस अजून वजा व्हायचे असतात. एप्रिलमध्ये मूल परत येते तेव्हा उन्हाळी सुट्टी तोंडावर असते. हजेरीपटावर त्याचे नाव कायम असते, पटनोंदणी शंभर टक्के असते आणि जिल्ह्याचा अहवाल समाधानकारक असतो.

या प्रश्नाला दीडशे वर्षांची परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी होती. गोरगरीब शेतकऱ्याला मूल गुरे राखायला आणि शेताकडे पाहायला लागते म्हणून ते शाळेत येत नाही, हे आर्थिक कारणही त्यांनी स्पष्ट मांडले होते आणि त्यावर उपाय म्हणून अशा मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत असे सुचविले होते. सक्तीच्या जोडीला भरपाई, हा तो विचार. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९१७ साली तो निर्णय अंमलात आणून दाखविला. संविधानाच्या ४५ व्या कलमाने १९६० ची मुदत घातली, आणि अखेर २००९ चा कायदा झाला. या सर्व प्रवासात सक्ती हळूहळू पुढे सरकली. जोतीरावांनी सांगितलेली भरपाई मात्र मागेच राहिली.

आता त्यात एक नवीन अन्याय मिसळला आहे. कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीचा आधार घेऊन महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा लागू केली. फेरपरीक्षेतही उत्तीर्ण न झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. मुले न शिकता वर ढकलली जातात ही काळजी खोटी नाही. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. परंतु चौथीपर्यंतचे तास सरकारने बुडवायचे आणि पाचवीला नापास मुलाने व्हायचे, हा कोणता न्याय? मालाचा पुरवठा न करता ग्राहकाकडून बिल वसूल करण्यासारखे हे आहे. नापास झालेली मुलगी दुसऱ्यांदा तीन किलोमीटर चालत पाचवीत जाऊन बसेल, असे मानणाऱ्याने ते तीन किलोमीटर एकदा चालून पाहावेत.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मागविण्यात आले, तेव्हा अशा चौदा हजारांहून अधिक शाळांची चर्चा झाली. एकशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून चौथीला आठवड्याला सहाच तास मिळतात. म्हणून मोठी शाळा बरी, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण त्याच हिशेबाने दुसरा शिक्षक देऊनही तास वाढतात. पहिला उपाय सुचतो आणि दुसरा सुचत नाही, याचे कारण शिक्षणशास्त्रात नसून वित्त विभागात आहे. शिवाय तांड्यावरची शाळा उठली तर जी मुले दिवाळीपर्यंत तरी येतात, ती जूनपासूनच येणार नाहीत.

मुलाला शाळेत आणता येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. साखरशाळा ही त्याच विचाराची पुढची पिढी. शिक्षणहक्क कायद्यानंतर मुलाला नियमित शाळेतच दाखल करण्याचे धोरण आले आणि त्या मागे पडल्या. स्थलांतरित मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावे आणि कारखान्याजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावे, ही व्यवस्था कागदावर निर्दोष आहे. प्रत्यक्षात फड दर काही दिवसांनी हलतो आणि शाळा हलत नाही. कर्नाटकात गेलेल्या मुलापुढे तर शाळा कन्नड असते. त्यामानाने गावातच चालणारे हंगामी वसतिगृह हा उपाय अधिक खरा आहे, कारण रात्रीच्या जेवणाच्या प्रश्नाला त्यात उत्तर आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही २०२१ पासून आहे. पण चौथीचे मूल तालुक्याच्या वसतिगृहात राहण्याएवढे मोठे नसते. त्याला आजीचे घर आणि शाळेतले जेवण, दोन्ही लागते.

इथे पक्षाच्या कामगार आघाडीला थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. जानेवारी २०२४ च्या तडजोडीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनेच्या बळावरच झाली. दर, मुकादमाचे कमिशन, विमा यांवर रात्र-रात्र वाटाघाटी होतात. मूल मागे ठेवण्याचा खर्च हा तोडणीच्या खर्चाचाच भाग आहे, असे त्या बैठकीत कोणी ठासून मांडत नाही. साखरेच्या पोत्यात चौथीच्या मुलीचे सहाशे तास शिवलेले असतात. त्यांची किंमत कारखान्याने आणि सरकारने मिळून द्यावी, ही शिक्षणाची मागणी तर आहेच, पण मुळात ती मजुरीची मागणी आहे आणि मागणीपत्रकात तिला पहिल्या पानावर जागा हवी.

गावपातळीवर काम याहून लहान आणि अधिक नेमके आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. अनेक गावांत या समितीची नावे मुख्याध्यापकाच्या कपाटात असतात. कार्यकर्त्याने ती यादी मागून घ्यावी. उचल पावसाळ्यात वाटली जाते. म्हणजे कोणते घर जाणार हे ऑगस्टमध्येच कळलेले असते. त्याच महिन्यात समितीची सभा बोलावून तिसरी-चौथीतल्या जाणाऱ्या घरांची मुलांच्या नावांनिशी यादी करावी, हंगामी वसतिगृहाचा ठराव करावा आणि तो गटशिक्षणाधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. प्रस्ताव दिवाळीनंतर गेला तर मंजुरी येईपर्यंत जानेवारी उजाडतो आणि तोवर टोळी फडात पोचलेली असते. शिक्षकाला या कामात विरोधक समजू नये. त्याचे किती दिवस कोणत्या कामात गेले याची नोंद त्याच्याकडूनच मिळवावी आणि तालुक्यातील दहा शाळांच्या अशा नोंदी एकत्र करून पंचायत समितीच्या सभेत वाचून दाखवाव्यात. पहिली सभा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात व्हायला हवी.