गॅस्केटची निवड : एका सहीची गोष्ट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रांविषयी बोलण्याचा माझा अधिकार केवळ भांडार खात्यातील तीस वर्षांच्या अनुभवाचा आहे.

उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरमध्ये व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये धातूचे एक पातळ कडे असते. तेच गॅस्केट. ते दोन्ही पृष्ठभागांहून मऊ असावे लागते. बोल्ट समतोल आवळले म्हणजे ते स्वतः दबते आणि सूक्ष्म खाचा भरून काढते. ते गळू लागले, तर दाबलेला तप्त वायू सिलिंडरात परततो, पुन्हा दाबला जातो आणि तापमान चढत जाते.

हवेसाठी तांबे चांगले. परंतु अमोनिया ओलाव्याच्या साथीने तांब्यास खातो. तेथे मऊ लोखंड हवे. एकदा अमोनियाच्या यंत्रासाठी आलेल्या मागणीपत्रात माप होते, वायूचे नाव नव्हते. तांब्याची निविदा सर्वांत स्वस्त होती. मी सही केली. कडी बसविण्यापूर्वी एका वृद्ध फिटरने ती हातात घेऊन, कोणत्या वायूसाठी आहे, एवढेच विचारले. त्या प्रश्नाने अनर्थ टळला.

वापरलेले तांबे दाबाने कठीण होते. लाल होईपर्यंत तापवून थंड केले की पुन्हा मऊ होते, हेही त्यानेच शिकविले. तरी नवे वापरणेच श्रेयस्कर.

तेव्हापासून किमतीच्या रकान्याआधी मी वायू, दाब आणि तापमान पाहतो. आपल्यापैकी अनेकांची मुले उद्या अधिकारपदी बसतील. सहीपूर्वी फिटरला विचारण्यात कमीपणा नाही, एवढे त्यांना अवश्य सांगावे.