हरवलेले शून्य
(व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाने केलेला हिशेब चुकावयाचा नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. बेरीज-वजाबाकीपुरती ती बरीचशी खरीही आहे. परंतु माहितीच्या साठ्याला, म्हणजे ज्यास डेटाबेस म्हणतात त्याला, एखादा प्रश्न विचारावा, त्याने बिनतक्रार उत्तर द्यावे आणि ते चुकीचे असावे, असेही घडते. अशाच एका दोषाच्या शोधाची ही हकीकत आहे.

१९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी, असा विचार एका निबंधात मांडला. त्यातून पुढे एस.क्यू.एल. ही प्रश्न विचारण्याची भाषा निघाली. काय हवे एवढेच विचारणाऱ्याने सांगावयाचे. ते कोणत्या मार्गाने शोधावयाचे, हे यंत्राने ठरवावयाचे. सोय मोठी खरी, पण यंत्राने निवडलेला मार्ग विचारणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही, आणि दोष लपतो तो तेथेच.

प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असला की काम फार लांबते. बाहेरच्या कोष्टकातील एकेका ओळीसाठी आतले कोष्टक पुन्हापुन्हा वाचावे लागते. १९८२ साली वॉन किम यांनी यावर तोड सुचविली. आतला हिशेब एकदाच गटवार करावा, तो तात्पुरत्या कोष्टकात ठेवावा आणि मग बाहेरच्या कोष्टकाशी त्याची जोडणी करावी. वेळ वाचला, यात शंका नाही. १९८४ साली वेर्नर कीसलिंग यांनी मात्र या रीतीतील उणीव दाखविली. आणि त्यासाठी त्यांना माहितीचे डोंगर उपसावे लागले नाहीत. तीन ओळींचे एक कोष्टक आणि पाच ओळींचे दुसरे, एवढे पुरले.

पहिल्यात यंत्रभागांचे क्रमांक व शिल्लक : ३ क्रमांकाचे सहा नग, १० क्रमांकाचा एक, आणि ८ क्रमांकाचे शून्य. दुसऱ्यात आलेल्या मालाच्या खेपा, तारखांसह. प्रश्न असा, की १ जानेवारी १९८० पूर्वी ज्याच्या जितक्या खेपा आल्या तितकीच ज्याची शिल्लक आहे, असे भाग कोणते? ३ क्रमांकाच्या खेपा दोन, शिल्लक सहा; तो बाद. १० क्रमांकाची खेप एक, शिल्लक एक, तो बसतो. ८ क्रमांकाची एकमेव खेप १९८३ मधली, म्हणजे त्या तारखेपूर्वी शून्य, आणि शिल्लकही शून्य. तेव्हा तोही बसतो. हाताने सोडविल्यास उत्तर १० आणि ८ असे येते. किम यांच्या रीतीने केवळ १० येते.

कारण साधे आहे. गटवार मोजणीत ज्याची एकही खेप नाही त्याचा गटच तयार होत नाही. त्याच्यापुढे शून्य लिहिले जात नाही. त्याची ओळच नसते. वर्गणीच्या पावत्यांवरून घराण्यांची यादी करावी आणि एकही पावती नसलेले घराणे यादीतूनच नाहीसे व्हावे, तसा हा प्रकार.

१९८७ साली गॅन्स्की आणि वाँग यांनी दुरुस्ती सुचविली, ती बाह्य जोडणीची. पहिल्या कोष्टकातील प्रत्येक भाग राखावयाचा, आणि जेथे खेप नाही तेथे रिकामी जागा सोडावयाची. पण यालाही पथ्ये आहेत, आणि खरी मेख त्यांतच आहे. तारखेची चाळणी जोडणीपूर्वीच लावली पाहिजे. नंतर लावल्यास रिकाम्या तारखेची ओळ गळते आणि शून्य पुन्हा हरवते. मोजावयाचा तो खेपेचा रकाना. नुसत्या ओळी मोजल्या तर रिकामी ओळही एक धरली जाते आणि ८ क्रमांकाच्या वाट्यास शून्याऐवजी एक येतो. शिवाय पहिल्या कोष्टकात तोच क्रमांक दोनदा असेल तर मोजणी दुप्पट होते, म्हणून क्रमांक आधी एकेकदाच घ्यावे लागतात.

असा दोष घातक ठरतो तो त्याच्या मौनामुळे. यंत्र अडत नाही, सूचना देत नाही. यादी नीटनेटकी दिसते. औषधांच्या कोठारात हे घडले तर जे औषध संपले आहे नेमके तेच यादीबाहेर राहील. म्हणून जाणकार तपासनीस मूळ प्रश्न आणि त्याचे बदललेले रूप, दोन्ही मूठभर ओळींवर चालवून पाहतात, आणि त्या ओळींत एक शून्याची, एक रिकाम्या रकान्याची आणि एक दुबार नोंदीची ओळ मुद्दाम घालतात.