बरोबर बोलले, तरी खुर्ची गेली: चेस्टर बोल्स

आजची गोष्ट दोनदा भारतात राजदूत राहिलेल्या चेस्टर बोल्स या अमेरिकन नेत्याची.

बोल्स मुळात जाहिरातवाले. १९२९ मध्ये त्यांनी मित्रासोबत न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढली आणि मंदीतही चालवली. मग राजकारणात आले. १९४९ मध्ये कनेटिकट राज्याचे गव्हर्नर झाले, पण पुढचीच निवडणूक हरले. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना दिल्लीला पाठवलं. इथे त्यांनी मुलांना चक्क भारतीय शाळेत घातलं!

१९६१ मध्ये केनेडी आले आणि बोल्स परराष्ट्र खात्यात दोन नंबरवर बसले. तेव्हा क्युबावर छुप्या हल्ल्याची तयारी चालली होती. हे चुकीचं आहे, असं त्यांनी ३१ मार्चला आपले वरिष्ठ डीन रस्क यांना लेखी कळवलं. तरी एप्रिलमध्ये हल्ला झालाच, आणि तीन दिवसांत फसला. बोल्स यांचा विरोध होता ही बातमी पेपरात आली. झालं! केनेडींच्या गोटाला वाटलं, हा माणूस फक्त स्वतःला वाचवतोय. नोव्हेंबरमध्ये त्यांचं पद गेलं. १९६३ मध्ये ते पुन्हा दिल्लीत आले.

आता खरी गंमत ऐका. ६ मार्च १९६७ ची संध्याकाळ. दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासात एक बाई आली आणि म्हणाली, मी स्टालिनची मुलगी. ही स्वेतलाना. आपले भारतीय जोडीदार ब्रजेश सिंह यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली होती, आणि तिला रशियात परत जायचं नव्हतं.

तिला ठेवून घ्यावं, तर भारत दोन महासत्तांच्या कात्रीत सापडणार. हाकलावं, तर तिचं काय होईल? बोल्स यांनी वॉशिंग्टनला तार केली: मध्यरात्रीपर्यंत ‘नको’ कळवलं नाहीत, तर मी तिला व्हिसा देऊन देशाबाहेर पाठवतोय. ‘नको’ आलं नाही. त्याच रात्री ती रोमच्या विमानात बसली.

फरक लक्षात आला का? १९६१ मध्ये त्यांनी मत मांडलं, पण निर्णय दुसऱ्यांच्या हातात राहिला. १९६७ मध्ये ‘तुम्ही गप्प राहिलात तर मी होकार समजेन’ हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. नुसतं बरोबर असून भागत नाही. आपलं म्हणणं कसं आणि कधी मांडतो, यावरही बरंच ठरतं.

तुम्ही त्या खुर्चीत असता, तर काय केलं असतं? नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!