बुद्धिबळाच्या वार्तेतील दोन मापे

परभणीच्या एखाद्या वाचनालयात सकाळचे वृत्तपत्र उघडून बुद्धिबळाची वार्ता वाचणाऱ्या गृहस्थास, श्रोतेहो, ती वार्ता देणाऱ्यावर फारच विसंबावे लागते. क्रिकेटमधील षट्कार लहान मुलासही कळतो. परंतु विसाव्या खेळीस घोडा मागे घेतला यात धोरण होते की भीती, हे पट समोर असूनही सामान्य वाचकास उमगत नाही. हल्ली दूरदेशीचे डाव घरबसल्या पडद्यावर पाहता येतात हे खरे. तथापि बहुतेकांना त्या चालींचा अर्थ सांगणारा अद्यापि वार्ताहरच आहे. म्हणूनच त्याच्या हातातील माप एक आहे की दोन, हे पाहणे अगत्याचे ठरते.

दोन मापांची ही कथा जुनी आहे. १९२९ साली कार्ल्सबाद येथील स्पर्धेत व्हेरा मेंचिक या बाई खेळावयास आल्या, तेव्हा व्हिएन्नाचे खेळाडू व बुद्धिबळविषयक नियतकालिकाचे संपादक आल्बर्ट बेकर यांनी थट्टेने सुचविले की, जो कोणी या बाईंकडून हरेल त्यास ‘व्हेरा मेंचिक मंडळा’चे सभासद करून घ्यावे. मंडळाचे पहिले सभासदत्व बेकर यांच्याच पदरी पडले! त्या स्पर्धेत मेंचिकबाई अगदी तळाशी राहिल्या, हेही सांगितलेच पाहिजे. परंतु पुढे हेस्टिंग्ज येथे त्यांनी हॉलंडच्या मॅक्स यूवे यांना दोनदा, आणि तीन वेळा ब्रिटिश विजेतेपद मिळविणाऱ्या सुलतान खान यांनाही हरविले. आज जवळजवळ शंभर वर्षे ही विनोदी आख्यायिका पुनःपुन्हा छापली जाते. बाईंचे डाव मात्र क्वचितच छापले जातात. गंमत अशी की, या विनोदात पुरुष कोण कोण हरले याची यादी आहे, बाई जिंकली कशी याचा एक शब्दही नाही.

हेच यूवे १९३५ साली जगज्जेते झाले आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७६ साली, मुंबईच्या रोहिणी खाडिलकर या तेरा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. त्यावरून गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही असा निर्णय यूवे यांनी दिला. पटासमोर बसून मेंचिकबाईंकडून दोनदा हार खाल्लेल्या मनुष्याकडून दुसरा कोणता निर्णय अपेक्षावा? रोहिणीने त्या स्पर्धेत तीन पुरुषांस पराभूत केले, आणि १९८१ साली ती आशियाई विजेती झाली.

वासंती, जयश्री व रोहिणी या तिन्ही भगिनी ‘नवाकाळ’कारांच्या घरातल्या. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली काढलेले हे पत्र पुढे या मुलींचे वडील नीलकंठराव चालवीत. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दशकात विजेतेपद या तिघींनी घराबाहेर जाऊ दिले नाही. कालांतराने जयश्रीबाई त्याच पत्राच्या संपादिका झाल्या. पटावरून उठून थेट अग्रलेखाच्या मेजाशी बसण्याचा हा योग विरळाच. बाकीच्या मुलींच्या घरी छापखाना नसतो. त्यांच्याविषयी काय छापावे हे दुसरेच कोणी ठरवितो.

तो दुसरा कोणी अडाणीच असतो असेही नव्हे. १९९३ साली जगज्जेतेपदासाठी लढलेले इंग्लंडचे नायजेल शॉर्ट यांनी २०१५ साली ‘न्यू इन चेस’ या नियतकालिकात स्त्री व पुरुष यांच्या मेंदूंच्या घडणीत भेद असल्याचे प्रतिपादन केले आणि स्त्रिया या खेळात मागे असण्याचे कारण त्यात शोधले. हंगेरीच्या ज्युडित पोल्गारबरोबर त्यांचे जे दीर्घ डाव झाले, त्यांत ज्युडितचे विजय आठ व शॉर्ट यांचे तीन आहेत! एकट्या ज्युडितवरून सर्व स्त्रियांचा निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण मग एखादी मुलगी हरली की तेवढ्यावरून सर्व मुलींचा निष्कर्ष का काढावा?

नागपूरच्या दिव्या देशमुखने हा प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये स्वतःच उघड केला. वाइक-आन-झे येथील स्पर्धा आटोपल्यावर तिने लिहिले की, आपल्या खेळाऐवजी आपले कपडे, केस आणि उच्चार यांचीच प्रेक्षकांत चर्चा होते. ती तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. तिच्या या तक्रारीची बातमी पुष्कळ पत्रांनी दिली, हे चांगलेच झाले; त्या स्पर्धेतील तिच्या एखाद्या डावास तेवढी जागा मिळाली असती तर अधिक चांगले झाले असते.

पुढे २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी येथे दिव्याने कोनेरू हंपीचा पराभव करून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्यासरशी ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला, आणि आईला मिठी मारून ती रडली. ते छायाचित्र सर्वत्र झळकले. यात वावगे काही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेता झालेला गुकेशही रडला होता आणि त्याचेही अश्रू छापले गेले होते. येथे माप एकच होते, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि बटुमीचे ते छायाचित्र पाहिलेल्यांपैकी कितीजणांस हे ठाऊक आहे की, दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतील पहिलाही तसाच सुटला, आणि शेवटचा निर्णायक डाव दिव्याने काळी मोहरी घेऊन जिंकला?